नावाच्या आधी

(सोनपेठ. बसस्टँडच्या रस्त्यावरचं बन्सीधरचं छपाईचं दुकान. भर दुपार. भांड्याचं दुकान चालवणाऱ्या गौराबाई आणि त्यांची लेक रुद्राणी लग्नपत्रिकेचा नमुना बघायला आल्यात.)

गौराबाई : ते न्हाई इचारलं मी. कागद चांगलाय, गुलाबी रंग बी चांगलाय. हे माझ्या नावाआधी 'गं. भा.' कुणाला इचारून घातलं?

बन्सीधर : इचारायचं काय त्यात, अक्का? पहिल्यापासून तसंच हाय. नवरा असला की सौ., नसला की गं. भा. कॉम्प्युटरमधी बसवूनच ठेवलंय. कळ दाबली की येतंय.

रुद्राणी : माणूस मेल्याची वेगळी कळ हाय का, काका?

बन्सीधर : तुमी परभणीच्या कॉलेजात शिकवता, ताई. तुमच्यापुढं आमी काय बोलणार? दस्तूर हाय. मन्मथअप्पांचा सकाळीच फोन आलता. म्हणले, मजकूर मी दिलाय तोच ठेवा, काना-मात्रा बदलू नका, संध्याकाळपर्यंत छापून काढा. उद्यापासून वाटायला निघायलेत ते.

गौराबाई : मन्मथअप्पा माझे दीर हायेत. लेक माझी हाय.

बन्सीधर : मग तुमचं बी नाव हायच की.

गौराबाई : कुठंय? चष्मा लावून बी सापडंना.

बन्सीधर : हे काय. निमंत्रक श्री. मन्मथअप्पा, मग सौ. राजेश्रीकाकू, मग भाऊबंद, आन हे खाली तुमचं. 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं बरं का' ही लेकरांची ओळ हाय ना, तिच्या बरोबर वर.

गौराबाई : लेकरांच्या बरोबर वर! लय उपकार झाले. अजून जरासं घसरले असते तर 'आहेर आणू नये'च्या खाली गेले असते.

रुद्राणी : आई, तू गप बस, मी सांगते. काका, आईचं नाव निमंत्रकात पहिलं घ्या. आन गं. भा. काढून टाका.

बन्सीधर : अप्पाला मी काय सांगू? बाजारची कामं, जत्रेची पत्रकं, सगळी अप्पाच्या हातानं येतेत माझ्याकडं. बरं, थांबा, तुमच्या समाधानाला एक नमुना काढून दाखवतो. आवडला तर अप्पाला तुमीच पटवा. हं... घ्या, कागद अडकला! ह्या रांडच्या मशीनला ऐन लगनसराईतच मस्ती येती.

गौराबाई : कुणाच्या मशीनला?

बन्सीधर : आं?

गौराबाई : रांडच्या म्हणलात. मशीनचा बाप कधी वारला?

बन्सीधर : अक्का, शिवी हाय ती. तोंडात बसलीय. उगं शब्द धरता तुमी.

गौराबाई : शब्द मी न्हाई धरला, शब्दानं मला धरलंय. माझ्या आज्जीला सगळी आळी रांडाव म्हणायची. राग म्हणून न्हाई हं, पत्ता सांगावा तसं. 'कुठून आलाव?' 'त्या रांडाव बाईच्या बोळातून.' म्हातारी हाक आली की ओ द्यायची. तिला वाटायचं, हेच आपलं नाव हाय.

रुद्राणी : संस्कृतात रंडा. विधवेला तोच शब्द आन शिवीला बी तोच. दोन शब्द करायचे कष्ट कुणी घेतले न्हाईत.

बन्सीधर : बघा! मग गं. भा. किती चांगलंय! शिवीच्या जागी गंगा दिली. गंगाभागीरथी. एकदम पवित्र.

गौराबाई : एवढी पवित्र, तर माझ्याच लेकीच्या हळदीला मला मागच्या खोलीत का बसा म्हणायलेत? अप्पानं कालच सांगितलं. म्हणले, वहिनी, तुमी आतली बाजू सांभाळा. आतली बाजू म्हणजे काय, तर तांदूळ निवडा.

रुद्राणी : हे तू मला सांगितलं न्हाईस.

गौराबाई : तुला सांगितलं असतं तर तू लग्नच मोडलं असतंस. श्रीशैल चांगला पोरगा हाय, त्यानं काय केलंय?

बन्सीधर : पण अक्का, गंगा म्हणजे...

गौराबाई : गंगेचंच बोलू. बन्सीभाऊ, आमच्यात माणूस गेला की जाळतेत का?

बन्सीधर : न्हाई. तुमच्यात बसवून पुरतेत. तुमच्या मालकांच्या, वैजनाथअप्पाच्या मयतीला मी होतोच की.

गौराबाई : पुरलं. राख न्हाई, अस्थी न्हाई, कलश न्हाई. मग मी कोणत्या गंगेला गेले? आमचं माणूस मातीत, आन मला नेऊन सोडली पाण्यात! बरं, आपल्या लोकांची गंगा म्हणजे ही गोदावरी. तिच्यात पाण्यापेक्षा ट्रॅक्टर जास्ती. वाळू नेऊन नेऊन खड्डे पाडलेत लोकांनी. तसली गंगा व्हय मी?

बन्सीधर : हे मातर डोक्यातच आलं न्हाई. तुमच्या समाजाच्या किती पत्रिका छापल्या मी. सगळीकडं गं. भा. टाकलं. आन कुणी कधी परत आणली न्हाई.

गौराबाई : कोण आणणार? आमच्या जुन्या माणसांनी हे सगळं मोडलं होतं. नवरा गेला तरी बाईच्या गळ्यात लिंग राहतंय, कपाळाला ईभूत राहती. कपाळ कधी मोकळं पडत न्हाई आमच्यात. दुसरं लग्न लावायची बी चाल होती. आन आता? शेजाऱ्याच्या घरी बघितलं, उचलून आणलं. चांगलं काय उचललं न्हाई. एवढंच बरं उचललं.

रुद्राणी : काका, विधवा शब्द कसा झाला, ठाव हाय का?

बन्सीधर : सोपं हाय. शाळेत सांगितलं होतं गुरुजींनी. धव म्हणजे नवरा. जिला धव न्हाई ती वि-धवा.

रुद्राणी : सगळे तेच सांगतेत. मी बी पोरांना दोन-तीन वर्षं तेच शिकवलं. आन ते उलटं हाय.

बन्सीधर : उलटं कसं?

रुद्राणी : विधवा हा शब्द लय जुना. वेदातला. त्याच्या मुळाशी नवरा न्हाईच. रितं होणं, सुटं पडणं, एवढंच हाय. पुढं पंडित लोक बसले, शब्द फोडला. म्हणले, वि म्हणजे विना, मग उरलेलं धव म्हणजे नवराच असणार. आन तिथून धव शब्द चालू झाला.

बन्सीधर : म्हणजे... नवरा नंतर आला?

रुद्राणी : विधवेतून काढला.

गौराबाई : थांब, थांब. म्हणजे आधी विधवा झाली, आन तिच्या पोटी नवरा जन्मला?

रुद्राणी : शब्दापुरतं तसंच.

गौराबाई : बन्सीभाऊ, हे छापा! पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापा. अप्पाला फुकट वाटू द्या.

बन्सीधर : हसवू नका अक्का, अक्षरं हलायलीत माझी.

रुद्राणी : आन तोच शब्द पार तिकडं गेलाय. इंग्रजीत विडो, रशियात वदोवा. बहिणी-बहिणी हायेत सगळ्या.

गौराबाई : म्हणजे रशियात बी मरतेत नवरे. मला वाटलं, आपल्याच तालुक्यात.

बन्सीधर : पण ताई, एक इचारू? शब्द वाईट न्हाई ना मग? नुसतं रितं होणं...

रुद्राणी : वाईट न्हाई. वाईट हे हाय की तो एकीलाच चिकटवतेत. तुमचंच घ्या. सरजाकाकू जाऊन चार वर्षं झाली. लोक तुमाला काय म्हणतेत?

बन्सीधर : मला? मला बन्सीधर म्हणतेत.

गौराबाई : बघ. ह्यांना बन्सीधर म्हणतेत.

रुद्राणी : तुमच्यासाठी बी शब्द हाय, काका. विधुर.

बन्सीधर : इदुर? एवढी लग्नं छापली, एवढ्या तेराव्याच्या चिठ्ठ्या छापल्या, हा शब्द कधी आला न्हाई हाताखाली.

रुद्राणी : कसा येईल? छापतच न्हाईत तो. बायको मेलेल्या माणसाच्या नावाआधी श्री. होतं ते श्री.च राहतंय.

बन्सीधर : अर्थ काय त्याचा?

रुद्राणी : सोबत सुटलेला. व्याकूळ.

बन्सीधर : व्याकूळ... हां. ते हाय. दुकान बंद करून घरी गेलं की लय हाय. भाजी कसली करावी, हे कुणाला इचारावं, तेच कळत न्हाई. मग शेव आणतो.

गौराबाई : सरजाबाईचा हात चांगला होता. माझ्याकडून पितळी डबा नेलता त्यांनी, झाकण घट्ट बसंना म्हणून दोनदा भांडून गेल्या.

बन्सीधर : हाय अजून तो डबा. झाकण अजून घट्ट बसत न्हाई.

गौराबाई : त्या गेल्यावर तुमाला लोकांनी काय आणलं, बन्सीभाऊ?

बन्सीधर : आणायचं काय? महिना उलटला न्हाई तर स्थळं आणायला लागले. मीच नको म्हणलं.

गौराबाई : तुमाला स्थळं आणली. मला फिक्कट लुगडी आणली.

बन्सीधर : मग नेसलात?

गौराबाई : मी नेसले न्हाई, ते सोडा. दुकानात गिऱ्हाईकाच्या पातेल्यांना गुंडाळायला वापरली, लय टिकाऊ निघाली.

बन्सीधर : अक्का, तुमच्यापुढं बोलायची सोय न्हाई. बरं, काढतो गं. भा. श्रीमती टाकू का? सरकारी कागदावर चालतंय.

रुद्राणी : श्रीमती वाचलं की इकडं लोक काय समजतेत?

बन्सीधर : तेच समजतेत. न्हाईतर सोडलेली समजतेत.

रुद्राणी : मग नको. काहीच नको. नुसतं गौराबाई वैजनाथ तोडकरी.

बन्सीधर : हे काढलं. बघा पडद्यावर. वर घेतलं, पहिल्या ओळीत. गौराबाई वैजनाथ तोडकरी. खाली सौ. राजेश्री मन्मथअप्पा तोडकरी. दिसायलंय का नीट?

रुद्राणी : झकास. चला, माझी परभणीची गाडी...

गौराबाई : न्हाई.

रुद्राणी : आता काय, आई?

गौराबाई : नीट बघ की. राजेश्रीला सौ. हाय, खालच्या चुलत्यांच्या बायकांना सौ. हाय. एका मलाच काय न्हाई. वाचणारा काय आंधळा हाय? जिच्या नावाआधी काहीच न्हाई ती कोण, ते शेंबडं पोर बी सांगंल. गं. भा. दोन अक्षरात सांगत होतं, हे न सांगता सांगतंय.

बन्सीधर : म्हणजे आता गं. भा. परत टाकू?

गौराबाई : हात मोडंल तुमचा. सगळ्यांचं सौ. काढा.

बन्सीधर : सगळ्यांचं?

गौराबाई : सगळ्यांचं. मी भांड्यावर नावं घालते, बन्सीभाऊ. कोरायची सुई धरून हाताला घट्टे पडलेत. सौ. बाई आली की छाती काढून सांगती, 'सौ. अमकी यांजकडून सप्रेम भेट' लिहा. नवरा गेलेली बाई येती, पातेलं स्वतः निवडती, पैसे स्वतःच्या कनवटीचे देती, आन नाव इचारलं की म्हणती, लेकाचं घाला. मी म्हणते, तुमचं घालू का? तर अशी बघती, जसं काय मी तिला चोरी करायला सांगायले. त्या सौ.नंच मारलंय तिला. ज्यांना ते न्हाई, त्यांना नावच न्हाई.

रुद्राणी : आई... मग माझं बी काढा, काका. 'चि. सौ. कां. रुद्राणी'.

बन्सीधर : अवं ताई, नवरीचं तर शुभ असतंय ते!

रुद्राणी : सौभाग्यकांक्षिणी. म्हणजे नवऱ्याची आस लावून बसलेली. मला कॉलेजात कायम नोकरी लागायची बी आस हाय, ती छापता का?

बन्सीधर : ती छापली तर संस्थावाले वाचतील.

रुद्राणी : वाचू द्या.

बन्सीधर : आन चारठाण्याच्या सासूबाई? श्रीशैलरावांच्या आईचं सौ. मी माझ्या हातानं पुसू? त्यांनी तिथनं येऊन माझं दुकान पुसायचं.

रुद्राणी : थांबा, श्रीशैलला इचारते... पाठवला निरोप. ...आलं उत्तर. आई शेजारीच बसलीय म्हणतोय. तिनं इचारलं, मग माझ्या नावाआधी काय राहणार? म्हणला, काहीच न्हाई. तर ती म्हणली, बरंय, ओळ आखूड होईल, नाव जरा मोठ्या अक्षरात घ्या.

गौराबाई : विहीणबाई हुशार हाय. लेक चांगल्या घरी चाललीय माझी.

बन्सीधर : फोन वाजायलाय. आरं देवा! अप्पाच हायेत.

गौराबाई : उचला की. खाणार हायेत का?

बन्सीधर : नमस्कार, अप्पा... हां, इथंच बसल्यात दोघी... न्हाई, अजून न्हाई छापलं... मशीन? न्हाई, मशीन बरी हाय... काम तसं झालंच हाय, फक्त... अप्पा, अक्का बोलतेत तुमच्याशी.

गौराबाई : मी कधी म्हणलं बोलते? द्या इकडं. हां, अप्पा... मीच थांबवलंय... हां, काढलं गं. भा.... हां, नाव बी वर घेतलं... आन राजेश्रीचं सौ. बी काढलं... अवं, ओरडू नका, छापखान्यातल्या मशीनला बी ऐकू जायलंय... काय?

रुद्राणी : काय म्हणतेत?

गौराबाई : म्हणतेत, बायकोचं सौ. काढलं तर गावोगाव लोक इचारतील, मन्मथअप्पा कधी गेले?

बन्सीधर : लोक इचारतील बी, ताई. खोटं न्हाई.

गौराबाई : ऐका अप्पा. तुमी जिते हाव, हे गावाला सांगायची पाटी तुमी बायकोच्या नावाला लावून ठेवलीय. ती कशाला उगं ओझं वाहती? तुमीच मांडवाच्या दारात फेटा बांधून उभे राहा. आल्यागेल्याला दिसताल... न्हाई, चेष्टा न्हाई करायले. आता नीट ऐका. वैजनाथ गेले तवा तुमी म्हणलात, दुकान इका. मी न्हाई इकलं. त्या दुकानावर ही पोरगी शिकली. तिच्या लग्नाला या म्हणायचं कुणी? मी म्हणणार. माझ्या तोंडानं, माझ्या नावानं. आन हळदीच्या दिवशी तांदूळ निवडायला दुसरं कुणी बघा. मी बाहेर बसणार हाय, लेकीला पहिली हळद मी लावणार... अपशकून? अप्पा, माझ्या हातानं गावातल्या किती पोरींच्या रुखवताच्या भांड्यांवर नावं घातली, त्यांचे संसार मोडले का?... हॅलो? कोण? राजेश्री?

रुद्राणी : काकूंनी फोन घेतला?

गौराबाई : हिसकावून घेतला, असं वाटायलंय. हां, बोल गं... मोठ्यानं बोल. अप्पा समोर हायेत म्हणून पुटपुटू नको... आं? ...अगं बया!

बन्सीधर : नाराज झाल्या का? मी म्हणलंच होतं. सौ. ही लय नाजूक गोष्ट हाय.

गौराबाई : म्हणती, खुशाल काढा माझं सौ. उद्या हे गेले की काढायचंच हाय लोकांना, आन वर गं. भा. चिकटवणार. त्यापेक्षा आज माझ्या मर्जीनं निघालं तर बरं.

रुद्राणी : अप्पांच्या समोर म्हणल्या?

गौराबाई : समोर. ते आता सरळ उठून पाणी प्यायला गेले म्हणती... हां राजेश्री, हाय मी... हां... हां, सांगते. ठेव.

रुद्राणी : अजून काय?

गौराबाई : अप्पानं आतून निरोप दिलाय. करायचं ते करा म्हणलेत. फक्त माझ्या नावाआधीचं श्री. काढू नका.

रुद्राणी : न्हाई! सगळ्यांचं तर सगळ्यांचं.

गौराबाई : राहू दे गं. हट्टानं मागितलंय म्हाताऱ्यानं. बाकी गड्यांचं श्री. बी काढू, मग एवढ्या मोठ्या पत्रिकेत एकटेच श्री. राहतील, लग्नात लोक त्यांनाच इचारत बसतील, तुमालाच का लावलंय म्हणून. देऊ दे उत्तरं.

बन्सीधर : मग करू का पक्कं? हे सौ. गेलं... हे गेलं... हे बी गेलं. चुलत्यांचं श्री. गेलं. नवरीचं चि. सौ. कां. गेलं. अक्का, पत्रिका निम्मी झाल्यासारखी वाटायली.

रुद्राणी : माणसं तेवढीच हायेत, काका.

बन्सीधर : ते बी खरंय. ऐका, मोठ्यानं वाचतो, छापल्यावर माझ्या नावानं बोंब नको. 'आमची कन्या रुद्राणी हिचा शुभविवाह चारठाणा येथील'... इथं विहीणबाईंचं नाव, मोठ्या अक्षरात... 'यांचे सुपुत्र श्रीशैल यांच्याशी योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावेत, ही विनंती. निमंत्रक, गौराबाई वैजनाथ तोडकरी. राजेश्री मन्मथअप्पा तोडकरी. श्री. मन्मथअप्पा तोडकरी...' बरोबर?

रुद्राणी : बरोबर. छापा. चल आई, गाडी लागली असंल.

गौराबाई : थांब जरा. बन्सीभाऊ, परत वाचा.

बन्सीधर : का? चुकलं काय?

गौराबाई : न्हाई चुकलं.

बन्सीधर : मग सगळं वाचू, वरनं?

गौराबाई : सगळं नको. माझ्या नावापासून वाचा.